दोन खारी, एक जिल्हा

सुरतेच्या उधन्यात आमच्या घरासमोर लूमचं खातं आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पत्र्याखालून खारीचं एक घरटं खाली पडलं. पिल्लं नव्हती, म्हणून उचलून आणलं आणि ओट्यावर बसून उलगडलं. नारळाचा काथ्या जेमतेम मूठभर निघाला. बाकी सगळं पॉलिएस्टरचं सूत, गुलाबी आणि पोपटी, साडीच्या किनारीची कातरण आणि गोणपाटाच्या दशा. घरटं बांधणारी समोरच्या केबलवर शेपूट झटकत चिरचिरत होती. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच पत्र्याखाली पुन्हा सूत न्यायला सुरुवात केली.

तिच्या पाठीवरचे पट्टे मोजले, तर पाच. आम्ही घरात तिला खार म्हणतो, गल्लीतली मुलं खिसकोली म्हणतात. तिच्या जातीचा जन्मदाखला सुरतेचाच आहे, हे मला फार उशिरा कळलं. एखाद्या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन ज्या नमुन्यावरून होतं, त्या नमुन्याचं गाव त्या नावाला कायमचं जोडलं जातं. पाचपट्टी खारीचं ते गाव म्हणजे सुरत जिल्ह्यातला मांडवी तालुका. मुंबई इलाख्यात वनाधिकारी राहिलेल्या रॉटन यांनी १९०५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिचं वर्णन केलं. तिच्या जातकुळीच्या लॅटिन नावाचा, फ्युनॅम्ब्युलसचा, अर्थ आहे दोरीवर चालणारा. आज ती विजेच्या आणि इंटरनेटच्या तारांवरून चालते.

त्याआधी आठ वर्षं, १८९७ साली, त्याच नियतकालिकात सुरतेच्या नावावर आणखी एका खारीची नोंद झाली होती. निसर्गअभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी ‘सुरत डांग्स’मधल्या भेसकात्रीच्या जंगलातल्या शेकरूचं वर्णन केलं. आपल्या भीमाशंकरचं शेकरू तांबूस-तपकिरी. हे मात्र फिकट, पांढुरकं. म्हणून त्याला लॅटिनमध्ये डीलबाटा हे नाव मिळालं, म्हणजे चुना फासलेलं. सुरतेहून शंभरेक किलोमीटरवर एक पांढरं शेकरू झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेत होतं.

आज ते नाही. प्राणिशास्त्राच्या याद्यांत त्याच्यापुढे ‘बहुधा नामशेष’ असा शेरा असतो. एकाच जिल्ह्याच्या नावानं, एकाच नियतकालिकात, आठ वर्षांच्या अंतरानं नोंदलेल्या या दोन खारींपैकी एक माझ्या खिडकीत आहे आणि दुसरी गेली. असं का झालं, ते शोधताना मी सव्वाशे वर्षं मागे जात राहिलो.

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. दोन किलोंपर्यंत वजन आणि धडाहून लांब शेपूट असलेला हा प्राणी वीस फुटांची उडी सहज मारतो, पण उडीच्या पलीकडे फांदी असायला लागते. शेकरूच्या एका जोडीला नुसती झाडं पुरत नाहीत, एकमेकांना टेकलेली झाडं लागतात. आंबा, उंबर, जांभूळ, बेहडा अशी वर्षभर पाळीपाळीनं फळणारी झाडंही लागतात. पिल्लं एका वेळी एक-दोनच. त्यामुळे रानाच्या एका तुकड्यातली शेकरं शिकारीनं किंवा वणव्यानं संपली, की शेजारच्या तुकड्यातून तिथे दुसरी येऊ शकत नाहीत.

डांगाचं रान विरळ व्हायला लागलं ते शेकरूची नोंद होण्याच्या कितीतरी आधी. १८४२ मध्ये इंग्रजांनी भिल्ल राजांकडून डांगाचं जंगल पट्ट्यानं घेतलं ते सागासाठी. पुढे बिलिमोरा-वघई ही अरुंद रुळांची गाडी आली आणि लाकूड थेट किनाऱ्याकडे उतरू लागलं. तोडलेल्या मिश्र रानाच्या जागी साग लावला की नकाशावर हिरवा रंग तसाच राहतो. पण उन्हाळ्यात साग उघडाबोडका होतो, आणि शेकरूला नेमकी तेव्हाच सावली आणि फळ हवं असतं. डांग गुजरातचा की महाराष्ट्राचा, यावर १९६० पूर्वी आपण किती भांडलो, ते घराघरांत आठवतं. त्याच रानातल्या पांढऱ्या शेकरूचं नावही आपल्याला ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

आज काय उरलं? उत्तर डांगात पूर्णा अभयारण्य आहे, सुमारे १६० चौरस किलोमीटरचं. वांसदा राष्ट्रीय उद्यान १९७९ चं, अवघं २४ चौरस किलोमीटरचं. दोन्हींच्या मध्ये शेतं, रस्ते, वस्त्या. बिबट्या रात्री ऊस ओलांडून पलीकडे जातो. शेकरूला तसं जाता येत नाही.

सुरतेच्या बाजूला घडलं ते वेगळं. १९५४ मध्ये मांडवीजवळ काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं. सहाशेक चौरस किलोमीटरचा जलाशय पसरला, खाली कालवे धावले आणि बारडोली-मांडवीकडे ऊस उभा राहिला. ससा, साळिंदर, रानमांजर यांच्या बांधावरच्या झुडपांच्या पट्ट्या त्यात आकसल्या. शहरही वाढत होतं. १९५१ साली सव्वादोन लाखांचं सुरत २०११ मध्ये पावणेपंचेचाळीस लाखांचं झालं. २००६ मध्ये महापालिकेची हद्द एका फटक्यात ११२ वरून ३२६ चौरस किलोमीटर झाली, २०२० मध्ये ती साडेचारशेच्या पुढे गेली. त्या वाढीत आम्ही खानदेशी माणसंही आहोत. ताप्ती व्हॅलीच्या गाडीनं आलो आणि लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात शेतांवर घरं बांधली. हे मला वगळून लिहिता येणार नाही.

तुकडे पडले की सगळेच प्राणी कमी होत नाहीत. काहींची चांदी होते. मुंगूस, घुबड, धामण, रानमांजर यांना फिरायला सलग जागा लागते. ते हटले की उंदीर आणि घुशींना धाक उरत नाही, आणि उकिरडा तर आपणच पुरवतो. सप्टेंबर १९९४ मध्ये तापीच्या पुरानंतर सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. लाखो माणसं शहर सोडून निघाली, आमच्या उधना स्टेशनावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच सुमारास बीड जिल्ह्यात मामला गावी गाठीचा प्लेग होता. प्लेगचं कारण एकच नसतं, आणि सगळा दोष तुटलेल्या रानाला देणं खोटं ठरेल. पण माणसाच्या कुशीत कोणते छोटे प्राणी उरतात, याचा प्रश्न त्या वर्षी जिवावर आला. पुढे शहर स्वच्छ झालं, देशात नावाजलं गेलं. ते कमावलेलं नाव आहे.

मुंगूस अजून दिसतं, पण बहुधा खाड्यांच्या काठीच. मिठी खाडी, भेदवाड खाडी या पाण्याच्या वाटाच शहरातल्या उरल्यासुरल्या सलग हिरव्या रेषा आहेत, वेड्या बाभळीच्या का होईना. गेल्या पावसाळ्याआधी एका पहाटे मी एक मुंगूस पाहिलं. काठच्या नव्या सिमेंटच्या भिंतीलगत ते दोनशे पावलं पळालं, थांबलं, पुन्हा उलटं आलं. वर चढायला त्याला कुठे फट सापडली नाही. भिंत पुरासाठी हवी, हे लिंबायतच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण तिला दर शंभर पावलांवर एक मातीचा उतार ठेवता येतो.

पाचपट्टी खार मात्र तगली. ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून सुटून ती तिथल्या बागांतही नांदते. तिला टेकलेली झाडं लागत नाहीत. पत्रा, तार आणि पॉलिएस्टर तिला पुरतं. ती सुखात आहे, म्हणून निसर्ग सुखात आहे, असं आपण समजतो. माझाही हा समज कित्येक वर्षं होता, आणि तो चुकीचा होता.

आता एक विनंती. १९११ मध्ये भारतातल्या सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी सुरू झाली, ती आपल्या खानदेशापासून. त्या कामात आपल्यालाही भर घालता येईल. तुमच्यापैकी अनेकांची नाती नवापूर, सोनगड, आहवा, वघईकडे आहेत. दिवाळीला जाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. पांढरं शेकरू त्यांनी किंवा त्यांच्या आजानं पाहिलं होतं का, कुठल्या डोंगराला, कुठल्या झाडावर, त्याला भिलीत, कोकणीत किंवा डांगीत काय म्हणत, हे विचारा आणि गावाच्या नावासकट लिहून ठेवा. ज्यांना हे सांगता येईल, ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत.