एजंट-आधारित गटबांधणी

ऑनलाइन सहयोगी अध्ययनात विद्यार्थ्यांचे गट कसे पाडावेत, हा निर्णय पूर्णतः किंवा अंशतः प्रज्ञ एजंटांकडे सोपवण्याच्या पद्धतीस एजंट-आधारित गटबांधणी असे म्हणतात. एजंट म्हणजे आपल्या परिसराची माहिती घेऊन, नेमून दिलेले उद्दिष्ट साधण्यासाठी स्वतःहून कृती करणारी संगणकीय आज्ञावली होय. येथे परिसर म्हणजे आभासी वर्ग. कोणी प्रश्न विचारले, कोणी उत्तरे दिली, कोण बराच काळ गप्प आहे, याची नोंद एजंट ठेवतो.

पार्श्वभूमी

गट केवळ एकत्र बसवल्याने सहयोग घडत नाही, हे शिक्षकांना संगणकाच्या आधीपासून ठाऊक होते. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात शाळांमधील वांशिक विभाजन संपुष्टात आल्यावर निर्माण झालेला तणाव कमी करण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये 'जिगसॉ' पद्धत वापरली. तीत पाठाचा एकेक भाग एकेका विद्यार्थ्याकडे असतो व तो इतरांना शिकवल्याशिवाय कोणालाच संपूर्ण पाठ समजत नाही. तेथे गट शिक्षक पाडतात, कारण ते मुलांना ओळखतात. ऑनलाइन वर्गात बहुधा ही ओळखच नसते.

समस्येची व्याप्ती

प्रत्येकी ४ जणांचे गट करायचे असल्यास १२ विद्यार्थ्यांची विभागणी ५,७७५ प्रकारे होऊ शकते. विद्यार्थी २० झाले की ही संख्या २५४ कोटींच्या पुढे जाते. त्यामुळे मोठ्या वर्गात सर्व पर्याय तपासणे अशक्य ठरते आणि जनुकीय अल्गोरिदम किंवा मुंग्यांच्या वर्तनावर बेतलेले अल्गोरिदम यांच्या साहाय्याने पुरेसा चांगला पर्याय शोधला जातो. मात्र 'चांगला' कशाला म्हणावे, हे गणित सांगत नाही. मिश्र क्षमतेच्या गटात मागे असलेल्यास आधार मिळतो, पण सगळे काम एकाच्याच गळ्यात पडण्याचा धोकाही असतो.

लिलावाची पद्धत

नेब्रास्का-लिंकन विद्यापीठात लीन-कियाट सोह व सहकाऱ्यांनी विकसित केलेली आय-माइंड्स प्रणाली हे या क्षेत्रातील एक ठळक उदाहरण आहे. तीत प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक एजंट असतो. शिवाय शिक्षकाचा व गटाचा एजंट वेगळा असतो. गट पाडण्यासाठी व्हॅल्कॅम हा अल्गोरिदम विक्रे लिलावाचा आधार घेतो. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्रे यांनी १९६१ मध्ये विश्लेषण केलेल्या या लिलावात सर्वाधिक बोली लावणारा जिंकतो, परंतु दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत मोजतो. त्यामुळे खोटी बोली लावण्यात लाभ उरत नाही. विद्यार्थ्याचा एजंट आधीच्या कामगिरीतून मिळवलेले आभासी चलन खर्चून गटातील जागेसाठी बोली लावतो.

यातील अडचण उघड आहे. ज्याची कामगिरी मंद, त्याच्याकडे चलन कमी. आणि पसंतीच्या गटाची गरज अनेकदा त्यालाच अधिक असते. गटकार्यातील योगदानासाठीही चलन दिल्याने हा असमतोल कमी होऊ शकतो, नाहीसा होत नाही.

मर्यादा

अभ्यासक्रमाच्या आरंभी एजंटाकडे नोंदीच नसतात, म्हणून पहिले गट प्रश्नावलीवर किंवा सरळ चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडावे लागतात. नोंदींचा अर्थही संदिग्ध असतो. गप्प असलेला विद्यार्थी विचार करत असेल, किंवा त्याच्याकडील इंटरनेट खंडित झाले असेल. एजंटाला दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय संभाषणावर सतत पाळत राहिल्यास विद्यार्थी चुकीचे उत्तर देण्याचे धाडस करत नाहीत, हा खाजगीपणाइतकाच अध्ययनाचाही प्रश्न आहे.

अभियांत्रिकी शिक्षणात वापरले जाणारे केटमी टीम-मेकर हे साधन एजंट नव्हे. ते विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावलीवर चालते. कोणता निकष किती महत्त्वाचा, हे त्यात शिक्षक ठरवतात. वेळापत्रक जुळावे किंवा एखादी विद्यार्थिनी गटात एकटी पडू नये, अशा अटी घालता येतात आणि तयार झालेले गट शिक्षकांना बदलताही येतात.