नाणेघाटातला मुक्काम

नाणेघाटात तंबू लावायचा तर आधी कड्यापासून मागे यावं. कोकणातून चढणारा वारा घाटाच्या चिंचोळ्या फटीत शिरून जोर धरतो. पावसाळ्यात तो खाली पडणारं पाणीही वर उधळतो. हिवाळ्यात पाणी आटतं, वारा असतोच. बरेच जण सूर्यास्तासाठी कड्यालगतची जागा धरतात. आम्ही जीवधन गडाच्या अंगाला, उंचवट्याआड उतरलो.

इथे माती वीतभरही नाही, खाली कातळ. मेख दोन बोटं आत जाते आणि वाकते. म्हणून दोऱ्या दगडांना बांधायच्या, आणि त्या दगडावर आणखी एक जड धोंडा ठेवायचा; नाहीतर रात्री दगड सरकतो, दोरी सैल पडते आणि कापड फडफडत राहतं. तंबूची पाठ वाऱ्याकडे हवी, पण वरच्या झडपा उघड्याच ठेवाव्यात. थंडीला भिऊन सगळं बंद केलं की श्वासाची वाफ कापडावर थेंब होऊन साचते आणि पहाटे अंगावर ठिबकते.

शेकोटी मी पेटवू देत नाही. वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. पिठलं-भाकरी घाटघर गावात आधी सांगून ठेवावी.

या माथ्यावर पाऊस कोसळतो, पण कातळ पाणी धरत नाही. म्हणूनच घाटातल्या लेण्याशेजारी पाण्याची टाकी कोरलेली आहेत. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरकडे नेणारे तांडे याच वाटेने चढत. लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे: यज्ञ, आणि त्यांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी. राजघराण्याच्या मूर्तींची तर पावलांपुरतीच खूण उरली आहे. या लेण्यात आजही कुणी पथारी पसरतं, चूल मांडतं. ते बघवत नाही. अक्षरं आधीच झिजलेली, त्यांवर धुराची काजळी कशाला? दोन हजार वर्षं टिकलेल्या लेखासाठी एक रात्र थंडी सोसावी.

सकाळी जीवधन. माथा साडेतीन हजार फुटांहून उंच. कल्याण दरवाजाकडच्या कोरीव पायऱ्या इंग्रजांनी १८१८ मध्ये उद्ध्वस्त केल्या, त्यामुळे तिथे हातांनी खोबणी धरत चढावं लागतं. मोठी सॅक पाठीवर घेऊन या वाटेला जाऊ नये. ती मागेपुढे झुलते आणि तोल नेते. तंबू घाटघरात कुणाच्या तरी ओसरीवर ठेवून जावं. पाणी मात्र माणशी तीन लिटर खालूनच घ्यावं, उन्हाळ्यात गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर निघू नये.