शेरलॉक होम्सची चूक पकडायची?

बालदोस्तांनो, शेरलॉक होम्स तुमच्या ओळखीचा असेलच. भालबा केळकरांनी त्याच्या कथा मराठीत आणल्या. तुमच्या आईबाबांनीही त्या लहानपणी वाचल्या असतील. आज त्यातली एक कथा पुन्हा उघडू या. या वेळी तपास मात्र तुम्ही करायचा! (कथा वाचली नसेल तर आधी वाचा, कारण पुढे गुपित फुटणार आहे.)

'द स्पेकल्ड बँड' ही आर्थर कॉनन डॉयल यांची १८९२ सालची कथा. कलकत्त्यात राहून इंग्लंडला परतलेला डॉ. रॉयलॉट शेजारच्या खोलीतून सावत्र मुलीच्या बिछान्यावर विषारी साप सोडतो. शिट्टी वाजली की साप परत फिरतो. बक्षीस काय? बशीतलं दूध! हा साप चावला की माणूस दहा सेकंदांत खलास, असं होम्स सांगतो.

लंडनच्या वाचकांनी माना डोलावल्या. पण शहापूर-मुरबाडकडची मुलं डोलावतील का? तिथे भातलावणीपासून कापणीपर्यंत सापांशी गाठ ठरलेलीच. चला, एकेक मुद्दा तपासू.

दूध : हे सापाचं अन्नच नाही. त्याला उंदीर, बेडूक हवेत. म्हणून तर तो शेतात आणि घराजवळ येतो.

शिट्टी : सापाला बाहेरचे कान नसतात. जमिनीची कंपनं आणि काही खालच्या पट्टीतले आवाज त्याला कळतात. शिट्टीचा चिरका सूर ओळखून तो परत येणं अवघडच!

दहा सेकंद : सगळ्यात मोठी चूक इथे आहे. आपल्याकडची मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बहुधा दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. म्हणजे माणूस वाचवायला वेळ असतो!

'साप चावला, आता संपलंच' असं मानणारे लोक भगताकडे जातात आणि नेमका तोच वेळ फुकट घालवतात. तुम्ही मात्र होम्ससारखं वागा, खुणा ओळखा. पावसाळ्यात कुणी सकाळी उठून अशी तक्रार केली, तर दंश दिसला नाही तरी थांबू नका. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट दोरी बांधू नका. रुग्णाला हलू न देता १०८ ला फोन करा आणि थेट शहापूर किंवा मुरबाडचं सरकारी रुग्णालय गाठा. सर्पदंशावर उतारा आहे, तो म्हणजे प्रतिविषाचं इंजेक्शन.

आणि पालकहो, जमिनीवर झोपणाऱ्या मुलांची मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचलीत ना? अंधारात बाहेर जाताना त्यांच्या हाती बॅटरी असते ना?

एवढं सगळं कळलं म्हणून कथेची मजा काही कमी होत नाही. उलट, पुढची रहस्यकथा वाचताना तुम्हीही विचाराल, "हे खरंच असं घडेल का?"