७२ तासांचे औषध, ३ महिन्यांची तपासणी

गडमुडशिंगीसारख्या गावात मेडिकलवाला ओळखीचा असतो आणि दवाखान्यातली सिस्टर कुणाची तरी वहिनी. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, हे सांगायचे कुणाला? या संकोचात जे तास जातात, नेमके तेच एचआयव्ही टाळणाऱ्या औषधाचे तास असतात.

एचआयव्ही शरीरात शिरल्या शिरल्या सगळीकडे पसरत नाही. आधी तो शिरला त्या जागेच्या पेशींत वाढतो आणि दोन-तीन दिवसांत जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचतो. तेवढ्या अवधीत त्याची वाढ थोपवली, तर संसर्ग रुजण्याआधीच अडवता येतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकडांवरच्या प्रयोगात टेनोफोव्हिर २४ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस दिले, तेव्हा एकाही माकडाला लागण झाली नाही. उशीर केला किंवा दिवस कमी केले, तसे संरक्षण घटले. म्हणून औषध सुरू करायला ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे, तिची वाट पाहायची नसते. आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर एकाच गोळीत मिळतात. रोज एक, २८ दिवस.

मात्र प्रत्येक धास्तीला ही गोळी लागत नाही. चुंबन, मिठी, एका ताटातले जेवण, डास यांतून एचआयव्ही होत नाही. कंडोम शेवटपर्यंत शाबूत राहिला असेल, तर सहसा औषधाची गरज नसते. अमेरिकेच्या सीडीसीच्या अंदाजानुसार, उपचार न घेणाऱ्या बाधित स्त्रीशी कंडोमविना योनीसंभोग झाल्यास पुरुषाला लागण होण्याची शक्यता दर १०,००० वेळांत सुमारे ४, तर बाधित पुरुषाकडून स्त्रीला ८. गुदसंभोगात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला हीच शक्यता १३८ वर जाते. जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल तर धोका आणखी वाढतो. जोडीदार बाधित असूनही नियमित औषधे घेत असेल आणि रक्तात विषाणू सापडत नसेल, तर संभोगातून लागण होत नाही. हे सिद्ध होण्यात पुण्याचाही वाटा आहे. ९ देशांतल्या १,७६३ जोडप्यांच्या ज्या अभ्यासाने २०११ मध्ये, लवकर उपचारांमुळे जोडीदाराची लागण ९६ टक्क्यांनी घटते हे दाखवले, त्यात पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सहभागी होती.

घोटाळा होतो तो तपासणीत. माणूस दुसऱ्याच दिवशी रक्त देतो, ‘निगेटिव्ह’ वाचतो आणि सुटल्यासारखा निश्चिंत होतो. ती चाचणी कालच्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही, त्याआधीची स्थिती सांगते. तरीही ती करायलाच हवी, कारण आधीपासून लागण असेल तर २८ दिवसांच्या औषधांऐवजी कायमचे उपचार लागतात. प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडे जातात. म्हणून पुन्हा ६ आठवड्यांनी आणि ३ महिन्यांनी तपासायचे, डॉक्टरांनी सांगितले तर त्यानंतरही. सोबत सिफिलिस आणि कावीळ ‘बी’ यांच्याही चाचण्या हव्यात. कावीळ ‘बी’ची तर फार गरज, कारण या गोळीतली दोन औषधे त्या विषाणूवरही काम करतात आणि ती अचानक थांबवली तर यकृताचा आजार उसळू शकतो. मित्राने आणून दिलेली पट्टी परस्पर गिळणे म्हणूनच धोक्याचे. ॲसिडिटीच्या काही गोळ्या, लोह आणि कॅल्शियम यांमुळे डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषले जात नाही, हेही कुणी सांगावे लागते.

गावातून कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय काही किलोमीटरवर आहे. सरकारी आयसीटीसी केंद्रात समुपदेशन आणि एचआयव्ही तपासणी मोफत होते. सरकारी व्यवस्थेत हे प्रतिबंधक औषध प्रामुख्याने रुग्णालयीन कर्मचारी आणि लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तींसाठी ठेवलेले असते. इतरांनी डॉक्टरांना त्याच दिवशी स्पष्ट विचारावे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करण्याला आणि रुग्णाची माहिती फोडण्याला सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. दारात जाण्याची हिंमत होत नसेल, तर १०९७ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे, आणि तिथे नाव सांगावे लागत नाही.