घातक जनुक टिकून का राहते?

परिस्थितीशी जुळणारे गुण ज्यांच्या अंगी असतात ते जीव अधिक संख्येने जगतात, त्यांना अधिक संतती होते आणि ते गुण पुढील पिढीत वाढतात. अपायकारक गुण हळूहळू मागे पडतात. नैसर्गिक निवडीचा हा नियम तुम्ही शाळेत शिकलाच असाल. पण मग एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. लहान वयातच मृत्यू ओढवणारे आनुवंशिक रोग या चाळणीतून निसटले कसे? त्यांतले काही तर विरळाही नाहीत. सिकलसेल या रोगाचे जनुक आफ्रिकेच्या काही भागांत शंभरांपैकी वीस-तीस माणसांच्या शरीरात आढळते. आपल्याकडेही गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत हा शब्द गावोगाव परिचयाचा आहे. या एका रोगाच्या आधारे आपण वरील प्रश्नाचे उत्तर शोधू या.

विळ्यासारख्या पेशी

सन १९०४ मध्ये ग्रेनाडा बेटावरून आलेला, दंतवैद्यकाचे शिक्षण घेणारा वीस वर्षांचा एक विद्यार्थी शिकागो येथील रुग्णालयात दाखल झाला. त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा काही तांबड्या पेशी विचित्र दिसल्या. त्या गोल नव्हत्या. लांबट, टोकांना निमुळत्या आणि विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. इंग्रजीत विळ्याला ‘सिकल’ आणि पेशीला ‘सेल’ म्हणतात; त्यावरून पुढे रोगाला हे नाव पडले.

निरोगी तांबडी पेशी मध्यभागी खोलगट अशा तबकडीसारखी असते. तिचा व्यास सात-आठ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सात-आठ पट असतो. कित्येक केशवाहिन्या याहून अरुंद असतात. पण पेशी लवचीक असल्यामुळे दुमडून पलीकडे जाते. विळ्याच्या आकाराची पेशी ताठ असते. ती अडकते, तिच्यामागे इतर पेशी अडकतात, पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि रुग्णाला असह्य वेदना होतात. शिवाय निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही दहा ते वीस दिवसांत नष्ट होते. शरीराला नव्या पेशी तितक्या वेगाने बनवता येत नाहीत, म्हणून रक्तक्षय होतो.

विजेने लावलेला छडा

या रोगाचे मूळ शोधण्यास पदार्थविज्ञानातील एक साधे तत्त्व उपयोगी पडले. विद्युत्क्षेत्रात ठेवलेला भारित कण सरकू लागतो आणि त्याचा वेग त्याच्यावरील भारावर अवलंबून असतो. सन १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे व निरोगी माणसांचे हीमोग्लोबिन विद्युत्क्षेत्रात ठेवून पाहिले. दोन्हींच्या सरकण्यात स्पष्ट फरक आढळला. याचा अर्थ, दोन्ही रेणूंवरील विद्युत्भारच वेगळा होता. रोगाचे कारण एका रेणूच्या रचनेत आहे, असे प्रथमच दाखवून दिले गेले.

हा फरक नेमका कोठे आहे, हे १९५६-५७ च्या सुमारास व्हर्नन इनग्राम यांनी शोधले. हीमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात. दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले ओळीने गुंफलेली असतात. त्यांतले सहावे निरोगी माणसात ग्लुटामिक आम्ल असते आणि त्यावर ऋण भार असतो. रुग्णात त्या जागी व्हॅलिन असते व त्यावर भार नसतो. १४६ मण्यांच्या माळेतला एक मणी बदलला, इतकीच ही गोष्ट. पण प्राणवायू सोडल्यावर हे बदललेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू बनतात आणि ते पेशीला आतून ताणून वाकडी करतात.

एक आईकडून, एक वडिलांकडून

बीटा साखळीची कृती सांगणारी दोन जनुके प्रत्येकाजवळ असतात. एक आईकडून आलेले व एक वडिलांकडून आलेले. नेहमीच्या जनुकाला आपण ‘ए’ म्हणू आणि बदललेल्याला ‘एस’. ज्याच्याजवळ दोन्ही ‘एस’ असतात तो रुग्ण. ज्याच्याजवळ एक ‘ए’ आणि एक ‘एस’ असते तो वाहक. वाहकाच्या पेशींत दोन्ही प्रकारचे हीमोग्लोबिन असते आणि सामान्यतः त्याला कसलाही त्रास होत नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या वेळी ते रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते.

आता एक हिशोब मांडू. वर्गात हा प्रयोगही करता येईल. एका मडक्यात नव्वद पांढरे आणि दहा तांबडे मणी घ्या. न पाहता एक मणी काढा, नोंद करा, परत टाका आणि दुसरा काढा. ही जोडी म्हणजे एक मूल. अशी हजार मुले काढली, तर सरासरीने ८१० मुले ‘एए’, १८० मुले ‘एएस’ आणि १० मुले ‘एसएस’ निघतील.

पूर्वी औषधोपचार नव्हते, तेव्हा ही दहा मुले मोठी होण्यापूर्वीच मरण पावत असे धरू. उरलेल्या ९९० जणांजवळ १,९८० जनुके राहतात आणि त्यांतली ‘एस’ असतात १८०. म्हणजे ‘एस’चे प्रमाण दहात एक होते, ते अकरात एक झाले. पुढच्या पिढीत बारात एक, त्यापुढे तेरात एक. घट सावकाश आहे, पण ती थांबत नाही. हजारो वर्षांत हे जनुक दुर्मिळ व्हावयास हवे होते. तसे झाले नाही, याचा अर्थ आपल्या हिशोबातून काहीतरी सुटले आहे.

सुटलेला दुवा

सन १९४९ मध्येच जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक रोगासंबंधी एक कल्पना मांडली होती. अशा जनुकाच्या वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळत असावे, असे त्यांनी सुचवले. सिकलसेलच्या बाबतीत याचा पुरावा अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत गोळा केला आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. समुद्रकिनारी व व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात, जेथे मलेरिया बारमाही होता, तेथे ‘एस’ जनुक भरपूर आढळले. थंड डोंगराळ प्रदेशात, जेथे मलेरिया नव्हता, तेथे ते विरळ होते. युगांडातील २९० मुलांचे रक्तही त्यांनी तपासले. २४७ सामान्य मुलांपैकी ११३ जणांच्या रक्तात मलेरियाचे परजीवी सापडले. विळ्याच्या पेशींचा गुण असलेल्या ४३ मुलांपैकी फक्त १२ जणांच्या.

हे कशामुळे घडते? मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून वाढतो. वाहकाची अशी बाधित पेशी लवकर वाकडी होते आणि प्लीहा तिला परजीवीसकट रक्तातून काढून टाकते. कमी प्राणवायूच्या ठिकाणी अशा पेशीत परजीवीची वाढही खुंटते. वाहकाला मलेरिया मुळीच होत नाही असे नव्हे. पण जिवावर बेतणारा मलेरिया होण्याचा धोका बराच कमी असतो.

आता मघाचा हिशोब पुन्हा करा. दहा ‘एसएस’ मुले गेलीच. शिवाय ८१० ‘एए’ मुलांपैकी नववा भाग, म्हणजे ९० मुले मलेरियाला बळी पडली आणि वाहक सारे वाचले असे समजा. उरले ७२० आणि १८०, मिळून ९००. त्यांची जनुके १,८००. त्यांतली ‘एस’ १८०. प्रमाण पुन्हा बरोबर दहात एक! तराजूची पारडी समतोल झाली. एका पारड्यात रोगाने मेलेली दहा मुले आणि दुसऱ्यात मलेरियाने मेलेली नव्वद. निसर्गाची निवड कोणाचे भले पाहून होत नसते. कोण जगले आणि कोणाला संतती झाली, एवढीच तिची जमाखर्चाची वही असते.

आपल्या देशात

भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत आढळले. पुढे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरात या राज्यांच्या वनप्रदेशांतही ते सापडले. या पट्ट्यात मलेरियाचे ठाणे जुनेच. मात्र हा रोग केवळ आदिवासींचा नव्हे. विदर्भातील इतर समाजांतही तो आहे. मलेरियाच्या प्रदेशात ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या तगून राहिले, त्यांच्यापैकी कोणाच्याही रक्तात ही खूण असू शकते.

मलेरिया हटला तर जनुकाचा फायदा संपतो, तोटा मात्र उरतो. अमेरिकेत मलेरियाचे उच्चाटन होऊन अनेक दशके लोटली, तरी तेथील आफ्रिकी वंशाच्या नवजात बालकांपैकी सुमारे तेरांत एक वाहक असते. मघाच्या मण्यांच्या हिशोबाप्रमाणे ‘एस’ जनुकाचे प्रमाण दहात एकवरून वीसात एकवर येण्यास दहा पिढ्या, म्हणजे अडीचशे वर्षे लागतात. परिस्थिती भराभर बदलते. जनुके तिच्यामागून सावकाश चालतात. माणसाच्या कित्येक दुखण्यांचे मूळ या अंतरात आहे.

म्हणून आपल्याला निसर्गावर विसंबून राहता येत नाही. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील प्रकारचे हीमोग्लोबिन वाढते आणि वेदनांचे झटके कमी होतात. सन २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत रुग्णाच्या पेशींतील जनुकांत फेरबदल करणाऱ्या उपचारालाही मान्यता मिळाली. परंतु तो अतिशय महाग आहे. भारत सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. या तपासणीत पॉलिंग यांच्या विद्युत्क्षेत्राच्या पद्धतीचा आजही उपयोग होतो.

तपासणीत एखादी मुलगी वाहक निघाली की ‘हिच्या रक्तात दोष आहे’ असे म्हणून तिची सोयरीक मोडणारे लोक आहेत. आपण केलेला हिशोब त्यांना समजावून सांगावयास हवा. वाहक हा रोगी नव्हे. वाहकाचा विवाह ‘एए’ व्यक्तीशी झाला, तर त्यांचे एकही मूल रुग्ण होत नाही. दोघांचीही तपासणी लग्नापूर्वी व्हावी ती यासाठी. कोणाला कमी लेखण्यासाठी नव्हे. ज्या जनुकाला आज दोष म्हणून हिणवले जाते, त्याच्याच आधाराने तिच्या पूर्वजांपैकी कित्येक मुले तापाच्या दिवसांतून वाचली होती.