आवाज वाटेत कुठे हरवतो?

शाळेच्या सभागृहात स्नेहसंमेलनाची तालीम चालली आहे अशी कल्पना करा. नाचाचे गाणे सीडी-प्लेअरवर लावले आहे आणि त्याची वायर थेट पॉवर ॲम्प्लिफायरला जोडली आहे. गाणे सुरू होताच लाऊडस्पीकर फाटक्या आवाजात खरखरू लागतो. मग कोणीतरी जुन्या सामानातून एक व्हॉल्यूम कंट्रोल शोधून काढतो आणि सीडी-प्लेअरजवळ, मधेच जोडून देतो. खरखर थांबते; पण आता घुंगरू आणि झांजा मंद झाल्या! सारे गाणे घोंगडीआडून ऐकल्यासारखे वाटते. उपकरण तर एकही बिघडलेले नाही. मग चुकले कुठे? हे कोडे सोडवायला ओहमचा नियम आपल्याला पुष्कळ उपयोगी पडेल.

खरखर का झाली?

सीडी-प्लेअर जास्तीत जास्त सुमारे २ व्होल्टचा संकेत देतो. समजा, आपला ॲम्प्लिफायर संकेत २० पट करतो. त्याला १ व्होल्ट दिला, की तो लाऊडस्पीकरला २० व्होल्ट देईल. लाऊडस्पीकर ८ ओहमचा असेल, तर ही शक्ती ५० वॉट झाली. समजा, एवढीच त्याची कुवत आहे. २ व्होल्ट दिल्यावर त्याने ४० व्होल्ट द्यायला हवेत. पण तेवढे आणायचे कोठून? म्हणून तरंगाचे शेंडे सपाट छाटले जातात. तीच ती खरखर.

मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. तो मोठा करण्यासाठी मुख्य ॲम्प्लिफायरच्या आधी प्रीॲम्प्लिफायर लागतो. सीडी-प्लेअरचा संकेत मात्र मोठा नव्हे, लहान करायचा आहे. त्यासाठी ट्रान्झिस्टर नको, वीजपुरवठाही नको. एक पोटेन्शिओमीटर पुरे. यालाच पॅसिव्ह, म्हणजे निष्क्रिय, प्रीॲम्प्लिफायर म्हणतात. त्याच्या रोधपट्टीचे एक टोक संकेताला आणि दुसरे टोक वायरच्या बाहेरच्या जाळीला जोडतात. पट्टीवरून सरकणारी मधली पट्टी हवा तेवढा व्होल्टेज उचलून ॲम्प्लिफायरला देते.

प्रयोग करून पाहा

आता दुसरे कोडे. त्यासाठी १.५ व्होल्टचा एक सेल, १० किलोओहमचा साधा, म्हणजे लिनियर, पोटेन्शिओमीटर आणि एक डिजिटल मल्टीमीटर घ्या. सेल दोन टोकांना जोडा आणि मीटर मधले टोक व सेलचे ऋण टोक यांच्यात लावा. मीटर ०.७५ व्होल्ट दाखवील अशा जागी पोटेन्शिओमीटरची दांडी ठेवा. आता मीटर तसाच ठेवून त्याला समांतर एकेक रोध जोडून पाहा.

१०० किलोओहम जोडला तर मीटर सुमारे ०.७३ व्होल्ट दाखवील. १० किलोओहमला ०.६ व्होल्ट. आणि १ किलोओहमला जेमतेम ०.२१ व्होल्ट! दांडी तर तुम्ही हलवलीच नाही.

कारण सोपे आहे. मधल्या टोकाकडून पाहिले तर वरचे ५ आणि खालचे ५ किलोओहम समांतर दिसतात. म्हणजे उगमाचा रोध २.५ किलोओहम. पुढे जोडलेला रोध आणि हा उगमरोध व्होल्टेज आपापसांत वाटून घेतात. पुढचा रोध जितका मोठा, तितका त्याचा वाटा मोठा. १० किलोओहमसाठी हिशेब असा: ०.७५ × १० ÷ १२.५ = ०.६ व्होल्ट.

काही जण म्हणतील, ‘दोन्ही रोध समान असले की जुळणी झाली.’ समान रोधांनी जास्तीत जास्त शक्ती पोचते हे खरे. पण तेव्हा अर्धा व्होल्टेज उगमातच खर्च होतो. आपल्याला येथे शक्ती नको, व्होल्टेज हवा. शक्ती ॲम्प्लिफायर स्वतःच्या वीजपुरवठ्यातून देतो. म्हणून येथे जुळणी म्हणजे बरोबरी नव्हे. पुढचा रोध मागच्याच्या निदान १० पट असावा, हा तिचा नियम.

घुंगरू कुठे गेले?

आता सभागृहात परत जाऊ. तो जुना व्हॉल्यूम कंट्रोल १०० किलोओहमचा होता. मध्यावर त्याचा उगमरोध २५ किलोओहम होतो. ॲम्प्लिफायरचा आदानरोध ५० किलोओहम धरला, तर १० पटीचा नियम मोडलाच. शिवाय तेथून ॲम्प्लिफायरपर्यंत २० मीटर वायर होती. वायरची आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक धारित्र बनते. दर मीटरला १०० पिकोफॅरड धरले, तर २० मीटरला २,००० पिकोफॅरड. कंप्रता जितकी जास्त, तितका संकेत या धारित्रातून जाळीकडे निसटतो. हिशेब केला तर सुमारे ४,८०० हर्ट्झपासून वरचे स्वर स्पष्टपणे उतरू लागतात. घुंगरू आणि झांजांची चमक याच वरच्या स्वरांत असते!

त्याऐवजी १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर बसवा. हीच मर्यादा सुमारे ३३,००० हर्ट्झवर जाते. माणसाचा कान २०,००० च्या पलीकडे ऐकतच नाही. वायर आखूड ठेवली तर आणखी उत्तम.

मग ५०० ओहमचाच का घेऊ नये? कारण साखळीला दोन सांधे आहेत. सीडी-प्लेअरचा स्वतःचा उगमरोध १ किलोओहम असेल, तर ५०० ओहमच्या वाट्याला एक तृतीयांशच व्होल्टेज येईल. १० किलोओहम मात्र मागच्या १ किलोओहमच्या १० पट आहे, आणि पुढचे ५० किलोओहम मधल्या २.५ च्या २० पट. दोन्ही सांध्यांवर नियम पाळला गेला.

प्रत्यक्ष जोडणीसाठी लॉग प्रकारचा पोटेन्शिओमीटर घ्या. आपला कान वाढीची बेरीज नव्हे, पट मोजतो. त्यामुळे लॉग प्रकारात दांडी फिरवताना आवाज सारखा वाढत गेल्यासारखा वाटतो. जोडण्यापूर्वी सर्व उपकरणे बंद करा, विजेच्या मेनवरील उपकरणाची पेटी उघडू नका आणि ॲम्प्लिफायरची लाऊडस्पीकरकडे जाणारी टोके यात कधीही जोडू नका.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. तुमच्या शाळेतील ॲम्प्लिफायरचा आदानरोध ५० ऐवजी १० किलोओहम असेल, तर १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मध्यावर असताना किती व्होल्टेज हरवेल? वरच्या प्रयोगात याचे उत्तर तुम्ही मोजलेच आहे!