चावीचा ग्रामोफोन अडखळतोय? मोटर खोलण्याआधी हे वाचा

अल्लीपूर : माळ्यावरचा आजोबांचा ग्रामोफोन काढला, चावी भरली अन् तबकडी 'धक्' करून अडखळली, तर स्प्रिंग तुटली असं लगेच समजू नका. बरेचदा डब्यातलं जुनं ग्रीस वाळून चिकट झालेलं असतं.

पण चावी भरलेली असताना मोटर खोलू नका. पोलादी पट्टी सुटली तर बोटं कापली जातात. आधी सुई उचलून तबकडी आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या. त्यानंतरही डब्यात ताण उरतोच, म्हणून तो जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

घरी करण्याजोगं काम गव्हर्नरचं. फिरत्या वजनांचा हा भाग वेग सांभाळतो. त्याच्या चकतीला घासणाऱ्या नमद्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. खोबरेल नकोच, थंडीत गोठतं! मग तबकडीखाली कागदाची चिठ्ठी खोचून फेरे मोजा. मिनिटाला 78 यायला हवेत. कमी-जास्त असले तर वेगाचा काटा थोडा थोडा फिरवा.